मानीबाईले मोबाइलनं घातलेली घुगरी

दिग्रसच्या बसस्टँडसमोर माहं फ्लेक्सचं अन् लग्नाच्या शूटिंगचं दुकान हाय. खरं नाव प्रमोद, पण बोर्डावरही 'पिंटू'च लिहिलं, कारण प्रमोद म्हणून हाक मारली तर मीच मांगं वळून पाहत नाई. चौदा वर्सं झाली, मी लोकाइचे चेहरे गोरे करून राह्यलो. वाढदिवस असो, निवडणूक असो, का श्रद्धांजली असो, गिऱ्हाईक येते अन् पहिले हेच म्हणते, "पिंटूभाऊ, थोडा उजेड मारजा." अरे, मेलेल्या माणसाले गोरं करून कोणाले दाखवतं बे? पण तोंडावर बोलता येत नाई. उजेड मारतो अन् गप बसतो.

या चौदा वर्सांत माह्या दुकानात पुढाऱ्याची माणसं येऊन गेली, बिल्डर येऊन गेले, दोन कवीही उधारीवर छापून गेले. पण ज्या माणसाचं नाव निघालं की मी खुर्चीत सरळ बसतो, ते माणूस म्हणजे मानीबाई. सहीच्या जागी आंगठा देते. मोबाइल धरते तो दोन्ही हातानं, जेवणाचं ताट धरावं तसा. अन् तरी ऑनलाइन जाहिरात म्हणजे काय, हे मी तिच्यापासून शिकलो. हासू नोका. पुरं ऐका.

मानीबाई आर्णी रोडवरच्या तांड्यात राहते. बंजारा बाई. वय साठीच्या वर, किती ते तिलेही पक्कं माहीत नाई. नवरा हरिसिंग बावीस वर्सांपूर्वी गेला. घरात आता मुलगा, सून लीलाबाई अन् नात सलोनी. कापूस-तुरीचं वावर हाय, पण म्हातारीचा जीव सुईत. पिशव्या, बटवे, कमरेचे पट्टे, सगळ्यावर आरसे, कवड्या अन् इतके बारीक टाके, की मी पहिल्यांदा पाह्यले तेव्हा म्हटलं, मशीनचे अशीन. बाप्पा, काय भडकली म्हातारी! "मशीनले डोळे हायत काय?" म्हणे. मी तेव्हापासून मशीन हा शब्द तिच्यासमोर जपूनच काढतो.

पहिली भेट झाली ती सलोनीमुळं. दोन वर्सांपूर्वी ते पोट्टी नुकतीच कॉलेजात गेलती. आजीले घेऊन दुकानात आली अन् म्हणे, "पिंटूभाऊ, पिशवीले लावाचे छोटे कार्ड छापून पाहिजेत. त्याच्यावर दादीचं नाव पाहिजे. मोठं." मी इचारलं, नाव कायले? गिऱ्हाइकाले पिशवीशी मतलब. तर पोट्टीच्या डोळ्यात पाणीच आलं. झालतं असं, की दोन-तीन महिन्यांनी बाहेरगावचा एक व्यापारी तांड्यात येये अन् मानीबाईचं काम गाठोडं बांधून नेये. ते कोठी जाते, कोणाले माहीत नोतं. एक दिवस सलोनीनं मोबाइल पाहता पाहता दादीची पिशवी ओळखली. कोण्या मोठ्या शहरातल्या दुकानाचं पेज होतं. पिशवी दादीची, अन् खाली नाव भलत्याच बाईचं, 'डिझायनर' म्हणून. सलोनी मले सांगत होती अन् मानीबाई बाजूले बसून माह्या दुकानाचा पंखा पाहून राह्यली होती, जसं काई तिचं सांगतच नाई.

सलोनीनं इन्स्टावर पेज काढलं. सुरवातीचे फोटो पाहून मी पोट धरून हासलो. खाटेवर पिशवी, मांगून बकरी तोंड घालून राह्यली, अन् कोपऱ्यात कोणाचा तरी पाय. पण पोट्टी हट्टाची. चार महिन्यांत तिनं मोबाइलवरच सगळं शिकून घेतलं. फोटोमांगचा पसारा पुसाचा कसा, एआयले इचारून मराठी, हिंदी अन् इंग्रजीत दोन ओळी लिहून घ्याच्या कशा, नसलेल्या बाईच्या खांद्यावर असलेली पिशवी अडकवाची कशी. मी यवतमाळले पैसे भरून क्लास केलता, त्यात हे काईच शिकवलं नोतं. खोटं कायले बोलू, माहा जळफळाटच झाला.

पण खरी गंमत मानीबाईची. एक दिवस दुपारी दोघी दुकानात बसल्या. सलोनीनं एआयले दादीच्या जुन्या कामाचा फोटो देला अन् सांगितलं, याच्यासारखे नवीन नमुने काढ. मिनिटभरात चार नमुने आले. मी तर पाहतच राह्यलो, इतके झकास. मानीबाईनं मोबाइल डोळ्याजवळ नेला, दूर नेला, अन् अशी हासली की बाजूच्या चहावाल्यानं वाकून पाह्यलं.

"याले सुई कोणं शिकवली?" म्हणे. "पाह्य ना पिंटू, आरशाभोवती टाकाच नाई. आरसा काय थुका लावून चिकटवला? अन् हा धागा इथून निघाला, तो गेला कोठी? कोणाच्या घरी गेला?"

मी चष्मा लावून पाह्यलं तर खरंच तो धागा मधातच गायब झालता. तीन नमुने तिनं असे हासून हासून फेकले. चवथ्यावर मात्र थांबली. काळ्या कापडावर पिवळ्याच्या शेजारी निळा होता. लय वेळ पाहत राह्यली.

"आमी पिवळ्याशेजारी निळा कधी ठेवला नाई," म्हणे. "आमच्या मायनं ठेवला नाई म्हणून आमी ठेवला नाई. ठेवून पाहाले काय जाते?"

पंधरा दिवसांनी तिनं त्या रंगाचा बटवा करून आणला. धागा सोताच्या मतानं फिरवला, निळा थोडा कमी केला, अन् पेजवर टाकल्याबरोबर तो बटवा हैद्राबादच्या एका बाईनं घेतला. मंग त्याच रंगाचे अजून मागितले. माह्या ओळखीचे अर्धे लोक एआय सांगन ते डोळे मिटून घेतात, अन् अर्धे त्याले शिव्या देत बसतात. या बाईनं चारातले तीन टाकले अन् एक उचललं, तेही आपल्या हातानं दुरुस्त करून. मी त्या दिवशी दुकान बंद करताना बायकोले म्हटलं, अशी नजर असती तर मी कोठीच्या कोठी असतो. बायको म्हणे, पहिले दुकान झाड.

वर्सभरात तांड्यातल्या सात-आठ बाया मानीबाईजवळ शिवाले बसू लागल्या. अन् मंग या उन्हाळ्यात नागपूरच्या साधना नावाच्या बाईचा मेसेज आला. तिचं लग्नाच्या कपड्याचं ऑनलाइन दुकान होतं. तिले नवरीच्या डोक्यावर धराचं कापड पाहिजे होतं, कवड्या-आरशाचं, बंजारा लग्नात असते तसं. पहिले दहा, जमलं तर वर्सभर काम. अट एकच. बनवणाऱ्या बाईचं नाव पाहिजे अन् तिचा छोटा व्हिडिओ पाहिजे.

इथं एक गोष्ट सांगाले लागते, जी तांड्यात सगळ्याइले माहीत होती अन् कोणीच बोलत नोतं. नवरीचं कापड विधवेच्या हातचं चालत नाई, असं तांड्यातले लोक मानत. अन् मानीबाईइतकं चांगलं तर कोणालेच जमत नोतं. म्हणून हरिसिंग गेल्यापासून कापड मानीबाई शिवे अन् नाव सुनेचं, लीलाबाईचं सांगत. नवरीची माय येये, लीलाबाईची ओटी भरे, अन् मानीबाई तेव्हा घरात मांगं असे. बावीस वर्सं असंच चालू होतं. मले हे सगळं तेव्हा माहीत नोतं. सलोनीलेही अर्धवटच माहीत होतं, कारण घरात जी गोष्ट रोज होते तिच्याकडं लेकराचं ध्यान जात नाई.

सलोनीनं नागपूरवालीले दादीचं नाव कळवून टाकलं. व्हिडिओले मात्र मानीबाई काई बसेना. "माहं थोबाड कायले? कापड दाखव," इतकंच म्हणे. शनिवारपर्यंत व्हिडिओ द्याचा होता. सलोनी रडकुंडीले आली, अन् तेव्हा मी माही अक्कल चालवली. हो, ही अक्कल माहीच, दुसऱ्या कोणाची नाई. म्हटलं, एक जुना फोटो हाय ना तुह्याजवळ? फोटो टाक, एआय चालताबोलता व्हिडिओ करून देते.

व्हिडिओ झाला, अन् काय झाला! मानीबाई दहा-पंधरा वर्सांनी लहान, सुई चालवून राह्यली, वर पाहून हासली. कानाच्या वर, केसात दोन्हीकडं चांदीची घुगरी लोंबून राह्यली अन् दंडापर्यंत पांढरा चुडा. फोटोत यातलं काईच नोतं. मशीननं बंजारा बाई पाह्यली अन् आपल्या मनानं घालून देली. मले वाटलं, वा, सजवली! मी सवयीनं थोडा उजेडही मारला. सलोनीलेही काई खटकलं नाई. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये डान्सले भाड्यानं आणलेली घुगरी तिनं सोता घातलती, सगळ्याच पोरीइनं घातलती. तिच्या लेखी तो एक दागिना. खाली लिहिलं, 'नवरीचं कापड शिवणारी मानीबाई', अन् पेजवर टाकून देला. एका दिवसात चाळीस हजार लोकाइनं पाह्यला. आमी दोघंबी नाचाचे बाकी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात उत्तमसिंग आला. उत्तमसिंग म्हणजे त्या तांड्याचा नायक, ज्याचा शब्द तांड्यात चालते तो. माणूस तापट नाई, हे त्याहून वाईट. त्यानं मोबाइल काउंटरवर ठेवला अन् इचारलं, "हे कोणं केलं?"

मी फुशारकीनं म्हटलं, "मीच. कसं झालं?"

"घुगरी कोणाच्या केसात राहते, माहीत हाय तुले?" तो म्हणे. "जिचा नवरा जिता हाय तिच्या. हरिसिंग गेला त्या दिवशी मानीबाईनं घुगरी काढली. चुडा काढला. तू काय केलं हे? तिच्या दुःखाचा तमाशा केला."

अन् तो पुढं बोलला ते अजून भारी होतं. त्याच्या मुलीचं, अर्पिताचं लग्न तीन आठवड्यावर होतं. नवरीचं कापड लीलाबाईच्या नावानं सांगितलं होतं. आता चाळीस हजार लोकाइले मोबाइल सांगून राह्यला होता, की ते कापड मानीबाई शिवते. व्याह्याचा फोन येऊन गेलता. "व्हिडिओ काढून टाका," उत्तमसिंग म्हणे, "अन् दुसरा टाका. लीलाबाईचा. नाई तर मी कापड दुसरीकडून आणतो, अन् माह्या मांगं पुरा तांडा आणन."

म्हणजे काय, हे मले कळत होतं. तांड्यानं कापड नाकारलं, की बाया शिवाले येणार नाईत. बाया नाई आल्या तर नागपूरचं काम गेलं. अन् मानीबाईचं नाव, ज्याच्यासाठी पोट्टीनं एवढी धडपड केली, ते पुन्हा मांगच्या खोलीत जाणार होतं. मी शटर अर्धं ओढलं, सलोनीले कॉलेजातून उचललं अन् गाडी सरळ तांड्यावर नेली. पुरा रस्ता ते पोट्टी मांगं बसून रडत होती अन् मी सोताले शिव्या देत होतो.

मानीबाई ओट्यावर बसून अर्पिताचंच कापड शिवत होती. उत्तमसिंग आमच्याआधी पोचलता. चार बाया, लीलाबाई, सगळे उभे. सलोनी दादीच्या पायाजवळ बसली अन् म्हणे, "दादी, माही चूक झाली." मी म्हटलं, "तिची नाई मावशी, माही." अन् मोबाइल तिच्या हातात देला.

मानीबाईनं व्हिडिओ पाह्यला. "ई कुण छ?" म्हणे आपल्या बोलीत. ही कोण हाय? मंग पुन्हा लावाले सांगितला. मंग पुन्हा. तिचा हात हळूच केसाजवळ गेला, जिथं घुगरी राहते तिथं, अन् तसाच खाली आला. मले वाटलं जमीन फाटावी अन् मी आत जावं.

"हरिसिंगनं पुसदच्या बाजारातून आणलती," ती म्हणे. "तो गेला तेव्हा मी सोताच काढली. कोणाले हात लावू देला नाई." मंग मोबाइल माह्या हातात देऊन म्हणे, "चांगली दिसून राह्यली मी, नाई? पण ही खोटी हाय पिंटू. हिले काढून टाक."

मी तिथंच, सगळ्याइसमोर व्हिडिओ काढून टाकला. चाळीस हजार गेले. "बस, मिटलं," उत्तमसिंग म्हणे. "आता लीलाबाईचं नाव टाका."

"तिचं कायले?" मानीबाई म्हणे. आवाज चढवला नाई, सुईही थांबवली नाई.

अन् तेव्हा लीलाबाई बोलली. ते बाई चारचौघात बोललेली मी कधी ऐकली नोती. "नायक, माह्या हाताले यातला एक टाका येत नाई," म्हणे. "बावीस वर्सं मी लोकाइची ओटी फुकट घेऊन राह्यली. आता मले नोको."

मानीबाईनं पदर सारखा केला, उजेडाकडं तोंड करून बसली अन् म्हणे, "पिंटू, घे तुहा कॅमेरा. अन् उजेड मारू नोको." पांढरे केस, मोकळे कान, मोकळे दंड, मांडीवर अर्पिताचं अर्धं कापड. बोलली ते मले पाठ हाय. "मी मानीबाई. माह्या घरवाल्याले जाऊन बावीस वर्सं झाली. नवरीचं कापड मीच शिवते. या तांड्यातल्या सगळ्या नवऱ्या माह्याच हातच्या कापडाखाली सासरी गेल्या. एकीचं तरी वाईट झालं काय, ते सांगा." मंग कॅमेरा सोडून उत्तमसिंगकडं पाह्यलं. "तुह्या मोठ्या पोरीचंही मीच शिवलं होतं, उत्तम. दोन लेकरं हायत तिले. सुखात हाय."

उत्तमसिंग निघून गेला.

हा व्हिडिओ किती लोकाइनं पाह्यला? नऊशे! चाळीस हजाराच्या जागी नऊशे. माहा जीव तुटला. पण नागपूरच्या साधनाबाईचा फोन आला अन् म्हणे, मले हीच बाई पाहिजे होती, पहिली तर कोणतंही मशीन बनवून देते. काम पक्कं झालं. तांड्यातल्या चार बाया घाबरून घरी बसल्या, चार येत राह्यल्या. उत्तमसिंगकडून मात्र ना हो, ना नाई. मी दोनदा इचारलं, मावशी, त्याइनं नाई म्हटलं तर? ती म्हणे, "त्याइनं नाई म्हणावं. मी शिवाचं थांबत नाई." अन् कापड पुरं करून, घडी घालून, लीलाबाईच्या हातून नाई, सोताच्या हातानं अर्पिताच्या घरी देऊन आली. घरच्याइनं ठेवून घेतलं म्हणे, इतकंच.

लग्नाची शूटिंग माह्याकडंच होती. जाऊ का नोको, असं झालतं, पण गेलो. नवरी बाहेर आली. डोक्यावर तेच कापड. पिवळ्याशेजारी निळा. मी गर्दीत मानीबाईले शोधलं, तर ती पार मांगं, भांडे घासणाऱ्या बायांजवळ उभी होती, अशा लग्नात तिच्यासारख्या बाया उभ्या राहतात तिथंच.

माइकवर आहेर पुकारणं चालू होतं. कोणाचा टॉवेल-टोपी, कोणाची भांडी. उत्तमसिंगनं पुकारणाऱ्याच्या हातातून माइक घेतला. व्याही समोर बसलेले. त्यानं दोनदा खाकरलं अन् म्हणे, "नवरीचं कापड. मानीबाई हरिसिंग, आपला तांडा. सगळं त्याइच्या हातचं." बस एवढंच. मंग माइक परत देऊन टाकला.

बाया मांगं वळून पाहाले लागल्या. लीलाबाईनं सासूचा हात धरला अन् तिले बायाइच्या मधातून समोर, मांडवात आणलं. कोणी आडवं आलं नाई. मी रडलो. पूर्ण लग्नासमोर कॅमेरा हातात धरून भैताडावानी रडलो, अन् मले त्याची लाज नाई.

डोळे पुसून पाह्यलं तर बटनच दाबलं नोतं. चौदा वर्सांचा धंदा, अन् ऐन वेळेवर हा बह्याडपणा! मी मानीबाईजवळ गेलो अन् म्हटलं, "मावशी, माफ कर. नायक बोलले ते रेकॉर्डच झालं नाई. पुन्हा बोलाले सांगू काय त्याइले? पेजवर टाकाले कामी येईन."

"राहू दे रे," मानीबाई म्हणे. "ज्याइनं ऐकाचं होतं, त्याइनं ऐकलं."